सूपभर ज्वारीचं नाव

शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाई माझ्या नावाशी अडखळल्या. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं, पुन्हा वाचलं आणि वर पाहून विचारलं, "हे कुणाचं?" मी हात वर केला. "अगं, तू तर मास्तरांची मुलगी! तुझं नाव असलं कसं?" उत्तर मला पाठ होतं, पण चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं. मी खाली मान घालून पाटी पुसत बसले.

माझं नाव तिप्पव्वा. कानडीत तिप्पे म्हणजे उकिरडा आणि अव्वा म्हणजे आई, बाई. उकिरड्यावरची बाई. आमच्या वर्गात चार सुशीला होत्या, तीन कमला होत्या. एका सुशीलेला हाक मारली की चौघी माना वळवायच्या, आणि मला त्या चौघींचा हेवा वाटायचा. गर्दीत हरवून जाण्याचं सुख त्यांना होतं. मला हाक आली की सगळा वर्ग माझ्याकडे बघून फिदीफिदी हसायचा.

तसं हे नाव दुर्मिळ होतं ते आमच्या सोलापूरच्या पेठेतल्या मास्तर-कारकुनांच्या घरांत. माझा जन्म कानडी मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीचा. वडील तेव्हा तिथं शिक्षक होते. तिकडे आठवड्याच्या बाजारात या नावानं हाक मारली असती, तर पाच-सहा बायकांनी तरी ओ दिली असती. सोलापुरात आमच्या समोर माग चालवणारं तेलुगू कुटुंब राहायचं. त्यातल्या म्हातारीला माझं नाव कळलं तेव्हा तिला कोण आनंद झाला! "आमच्यात पेंटम्मा म्हनतात," ती म्हणाली, "पेंट म्हंजे तेच. माझी सख्खी आत्या पेंटम्मा. नव्वद वर्षं जगली." माझ्यासारखंच नाव आणखी एका भाषेतही आहे, हे ऐकून मला काडीचाही आनंद झाला नाही.

हे नाव कुठून आलं, ते आईनं मला एकदाच सांगितलं. माझ्या आधीची तिची तीन मुलं गेली होती, तिघंही वर्षाच्या आत. चौथ्या खेपेला मी झाले तेव्हा तिनं मला सुपात घातलं आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकून दिलेल्या पोरावर मृत्यूची नजर जात नाही, अशी तिकडची समजूत. ठरल्याप्रमाणे एका मेंढपाळ बाईनं मला उचललं. आता मी तिची झाले. मग आईनं त्याच सुपात ज्वारी भरून ती तिच्या पदरात ओतली आणि मला विकत घेतलं. विकणारीनं नाव ठेवायचं असतं. त्या बाईनं स्वतःचंच नाव दिलं. म्हणाली, "माज्या आईची धा मेली, मी हुबी हाय. ह्ये नाव मरत न्हाय बगा. घ्या."

वडील इंग्रजी पुस्तकं वाचणारे, पण तीन पोरं पोचवून आलेला माणूस वाद घालत नाही. त्यांनी जन्माच्या दाखल्यात तेच नाव लिहिलं. आईनं मात्र एक गोष्ट मनाशी पक्की बांधली होती आणि मलाही बजावली होती: "हे नाव आपलं नाही, उसनं आणलंय. टाकायचं नाही. द्यायचंच झालं तर जिचं तिला, हातानं परत द्यायचं."

ती बाई, मी तिला अव्वा म्हणायचे, वर्षातून एकदा घोंगड्या विकायला सोलापूरला यायची आणि आमच्या पडवीत टेकायची. आली की पाणी प्यायच्या आधी माझा दंड चिमटून बघायची. "हाय की," म्हणायची, "जित्ती हाय." मला दुखायचं, आणि तिच्या अंगाच्या लोकरीच्या वासानं कसंतरी व्हायचं. अकरा वर्षांची असताना एकदा मैत्रिणींबरोबर शाळेतून येत होते. बाजाराच्या तोंडाशी ती घोंगड्या पसरून बसलेली. तिनं मला पाहिलं आणि खणखणीत आवाजात नावानं हाक मारली. मैत्रिणी म्हणाल्या, "तुला बोलावतेय का गं ती?" मी म्हटलं, "छे, दुसऱ्या कुणाला तरी." आणि पुढं चालू लागले. तिनं दुसरी हाक मारली नाही. आपण किती नीच वागलो, हे घरी पोचेपर्यंतच मला कळलं होतं, पण परत गेले नाही.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या पुढच्या वर्षी वैशाखात माझं लग्न ठरलं. मुलगा साताऱ्याकडचा, पोस्टात कारकून. आमच्यात लग्नानंतर मुलीचं नाव बदलतात. लग्नाच्या दिवशीच्या लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. कोणतं नाव लिहायचं ते होणाऱ्या नणंदेनं माझ्या कानात आधीच सांगून टाकलं होतं. सुशीला. मी पाटीवर ते पन्नास वेळा लिहून पाहिलं. खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा त्या नावाची मला जास्त ओढ होती.

आईच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. नाव बदलू नका, असं व्याह्यांना सांगायची सोय नव्हती; मुलीकडच्यांनी अटी घालायच्या नसतात. मग एकच उरलं. तांदळात नवं नाव उमटण्याआधी अव्वाला गाठायचं आणि जुनं सूपभर ज्वारीसकट तिला परत द्यायचं. वडिलांनी मैंदर्गीला पत्र टाकलं. उत्तर आलं की मेंढरं चाऱ्याच्या शोधात दिवाळीनंतरच निघाली, बहुधा जेऊरच्या बाजूला असतील. वडील रजा काढून रेल्वेनं जेऊरला गेले. दोन दिवस उन्हातान्हात हिंडले. कळप तिथून आठ दिवसांपूर्वीच हलला होता. भेटेल त्या धनगराजवळ निरोप ठेवून ते परत आले. चेहरा रापलेला, धोतर मातीनं भरलेलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं. पाहुण्यांना वाढायची, हसायची, ओव्या म्हणायची, पण पानावर बसायची नाही. मी चिडले. "एका नावापायी काय एवढं?" मी म्हटलं. "मला नकोच आहे ते. कधीच नको होतं." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तो थंडगार होता. "मी तिघांना या हातांनी न्हाऊ घातलंय शेवटचं," ती म्हणाली. "तुला घालायची ताकद नाही माझ्यात." माझा राग मात्र गेला नाही.

लग्न सकाळच्या मुहूर्तावर लागलं. अव्वा आली नव्हती. दुपारच्या पंगती उठल्या, तरी नाही. दिवेलागणीला आम्ही लक्ष्मीपूजनासाठी जानवसघरी, मुलाकडच्यांच्या उतरण्याच्या जागी, गेलो. आई आमच्याबरोबर आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं; सासूबाईंना वाटलं फळं असतील. मला माहीत होतं. ते तेच जुनं सूप होतं, कडेनं उसवलेलं, आणि त्यात ज्वारी.

ताट मांडलं गेलं. आई म्हणाली, समईत तेल कमी आहे. तेल घातलं. मग म्हणाली, विडे राहिलेत. विडे आले. मग तिला हळदीकुंकवाचा करंडा सापडेना. सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "विहीणबाई, आता आणखी काय राहिलंय?" त्यांनी विचारलं. आई दाराकडे बघत होती. "काही नाही," ती म्हणाली. आमच्या ह्यांनी बोटातली अंगठी काढली.

मी ताटाकडे पाहायला हवं होतं. इतकी वर्षं त्याच क्षणाची वाट पाहिली होती. पण मला दिसत होते ते आईचे हात. फडक्याची गाठ सोडत होते, पुन्हा बांधत होते. तांदळावर अक्षरं उमटली. नणंदेनं मोठ्यानं वाचलं, "सुशीला!" सगळे हसले, पेढ्यांचं तबक फिरू लागलं. आई भिंतीला टेकून खाली बसली. संपलं, असं मला वाटलं, आणि त्यात आनंद कुठंच नव्हता.

तेवढ्यात दारात गलका झाला. "अगं ए, कुठं निघालीस?" कुणीतरी ओरडलं. अव्वा उंबऱ्याशी उभी होती. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे, श्वास लागलेला. "काल घावला निरोप," ती आईला म्हणाली. "रातचं चालत आलो. उशीर झाला का वो बाई?" आईनं होकारार्थी मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "ही कोण?"

अव्वाचं लक्ष ताटाकडे गेलं. तिला वाचता येत नव्हतं. बोट दाखवून तिनं मला विचारलं, "काय लिवलंय गं त्यात?"

खोलीत दहा-बारा माणसं होती. सासूबाई होत्या, नणंद होती, सासरे होते. ज्या माणसांपासून मला माझं नाव लपवायचं होतं, ती झाडून सगळी तिथं होती.

"तुझंच नाव, अव्वा," मी म्हणाले. "तिप्पव्वा."

नणंदेनं तोंड उघडलं. पण त्याआधी आमच्या ह्यांनी तळहात ताटावर फिरवला आणि तांदूळ सारखे केले. चेहऱ्यावर रेषही न हलवता. त्यांनी तसं का केलं, हे मी पुढं संसाराच्या इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही.

आईनं कसंबसं सूप पुढं सरकवलं. अव्वानं ते परत लोटलं. "ह्ये कशाला? पोरीनं टाकलंच न्हाय तर मी घिऊ काय? ऱ्हाऊ द्या की तिच्यापाशी. मला समदे ल्योकच. मी आज हाय, उद्या न्हाय. नावाला कुनी तरी नगं का?"

मग ती उंबऱ्याच्या आत आली, माझा शालूतला दंड तिनं चांगला चिमटून पाहिला आणि आईकडे वळून म्हणाली, "हाय की वो बाई. जित्ती हाय. उटा, जेवून घ्या."