डाव्या खांद्याचं माप

मास्तरांना पोहता येत नव्हतं. सगळा जन्म कृष्णेच्या काठी घालवलेला हा माणूस पाण्याला इतका भ्यायचा, की पोहण्याच्या टँकच्या कडेपासून चार हात लांब, कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. आणि तरीही सांगलीच्या आमच्या टँकवरून स्पर्धेला कोण जाणार आणि घरी कोण बसणार, हे याच माणसाच्या टेपवर ठरायचं. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, हातात चौकड्यांची वही. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. बाजारातल्या एका गल्लीत त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं शिलाईचं दुकान होतं.

हा उद्योग आम्हाला पोहणं शिकवणाऱ्या सरांनी आणला. सर कोट शिवायला गेले होते आणि त्याच वेळी आमच्या टँकवरचा एक मुलगा शाळेच्या शर्टाचं माप द्यायला आला होता. मास्तरांनी त्याच्या मानेला टेप लावली आणि विचारलं, "सर, ह्यो पोरगा पवताना एकाच अंगाला तोंड काढून दम घेतोय काय ओ? मान एका बाजूनंच भरलीया." सर बघतच राहिले. त्या मुलाची ती खोड मोडायला ते तीन महिने घसा फोडत होते. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तर टँकवर हजर.

माप घेणं म्हणजे त्यांचं एक व्रतच होतं. मानेच्या मणक्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग दंड, मनगट, मांडी. आम्हा मुलींची मापं घेताना टेपचं एक टोक आमच्याच हातात द्यायचे आणि नजर आकड्यावरून हलू द्यायचे नाहीत. मग ताकदीची पाळी. भंगारातून आणलेला, पोती तोलायचा स्प्रिंगचा काटा त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवला होता. त्याची मूठ एकेका हाताने, दम लावून ओढायची. दोन हातांत दोन किलोंपेक्षा जास्त फरक पडला, की सर त्या पोराला महिनाभर पाण्याबाहेर काढायचे. रडा, पाया पडा, काही उपयोग नसायचा.

"कोटाचा खांदा पडका असंल तर मी आतनं पॅड घालतो," मास्तर दर महिन्याला न चुकता ऐकवायचे. "पाण्यात पॅड कुठं घालनार?" आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. मी तर फार झकास करायची.

मी बटरफ्लाय मारायची. त्यात दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर येतात, त्यामुळे एक हात कच्चा असून भागत नाही. त्या वर्षी पुण्याच्या राज्य स्पर्धेत माझं नाव होतं. साताऱ्याच्या एका मुलीला मागे टाकलं, की मी पुढे राष्ट्रीयला जाणार होते. फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हे अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. आणि स्पर्धेला आठ दिवस असताना माझा डावा खांदा दुखायला लागला. वेणी घालायला हात वर जाईना. घरात कुणाला बोलले नाही, सरांना तर नाहीच.

पण रविवार आलाच. डाव्या हाताने काटा ओढला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. काटा कसाबसा चौदावर गेला. एरवी मी दोन्ही हातांनी वीस ओढायची. मग उजव्या हाताची पाळी आली आणि मी तेच केलं, जे त्या टँकवरच्या पोरीलाच सुचलं असतं. उजव्या हातानेही चौदावरच थांबले. तोंड मात्र असं केलं, की जणू जीव काढून ओढतेय.

मास्तरांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताप आलता का गं?"

"व्हय मास्तर. दोन दिवस."

त्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि लिहिलं : दोन्ही हात समान.

पुण्याला तिसऱ्या फेरीत खांदा गेला. मला दोरी धरून बाहेर काढावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, ही आजची दुखापत नव्हे, आधीच फाटत आलं होतं. मग सांगलीत टँकच्या कमिटीची बैठक बसली. एका शिंप्याच्या टेपवर पोरांचे जीव टांगता काय, असं सगळे एकदम विचारू लागले. आणि ज्या सरांनी मास्तरांना हाताला धरून आणलं होतं, ते म्हणाले, "मापं मास्तर घेत होते. मी वहीवर विश्वास ठेवला." मी हात गळ्यात अडकवून कोपऱ्यात बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. मास्तरांनी वही टेबलावर ठेवली, खिडकीचा काटा सोडवून पिशवीत घातला आणि ते गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मला अजून जाळतो.

पुढे मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले. मुलांना पोहायला शिकवते, स्वतः मात्र एका हाताची आहे, डावा खांद्याच्या वर जात नाही. बारा वर्षं एकच गोष्ट उराशी धरून होते, की आपण एका भोळ्या माणसाला फसवलं. शाळेने सगळ्यांना कोट घालायला सांगितला तेव्हा मुद्दाम त्यांच्याच दुकानात गेले. कबूल करायचं ठरवून गेले होते.

मास्तर थकले होते, हात मात्र तोच. उजवीकडे टेप, मग डावीकडे. "डावा अर्धा इंच उतरलाय."

"मास्तर, त्या रविवारी मी उजवा हात मुद्दाम ढिला सोडला होता."

"ठावं हाय की," ते आकडा लिहीत म्हणाले. "दंडाची शीरच ताणली न्हवती तुझी. मी काय आंधळा हाय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मग लिहिलं कशाला? मला थांबवलं का नाही?"

"तुझं अण्णा बाहीर गाडीवर बसलं व्हतं. आत तू अशी बघत व्हतीस." पेन्सिल कानावर ठेवत ते म्हणाले, "आगं, जनमभर लोकांचं पडकं खांदं झाकत आलोय. गिऱ्हाईक म्हनतंय झाका, मी झाकतो. तूबी त्या दिवशी गिऱ्हाईकच व्हतीस, पोरी." मग टेप गुंडाळत, "लय चुकलं माझं."

बारा वर्षं मी स्वतःला खात होते, ते खरं होतंच, पण सगळी चूक माझी एकटीची नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

"पॅड घालू?" त्यांनी विचारलं.

"नको," मी तोडून टाकलं आणि तरातरा बाहेर पडले.

कोट आणायला गेले तेव्हा दुकानात त्यांचा पुतण्या होता. मास्तर आदल्याच आठवड्यात गेले होते. कोट तेवढा पुरा करून ठेवला होता. घरी आरशासमोर घालून पाहिला. दोन्ही खांदे एका रेषेत. नको म्हटलं तरी डावीकडे त्यांनी पॅड घातलंच होतं.

मी ते उसवलेलं नाही. शाळेत कुणी ना कुणी म्हणतं, "मॅडम, फिटिंग काय छान आहे हो!" दर वेळी मला संताप येतो, आणि दर वेळी मी थँक्यू म्हणते.