बाळंतिणीच्या खोलीतला लसणाचा वास

शेलूबाजारात माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. पेरणीच्या तोंडावर लोक बियाण्याच्या पिशवीसाठी एकमेकांच्या अंगावर जातात, तेव्हाही माझं डोकं फिरत नाही. ते फिरतं एप्रिलात. गहू घरात येऊन पडलेला असतो, तुरीला सोंडे लागायला सुरुवात झालेली असते, आणि दर तासाला कोणीतरी काउंटरवर कोपर टेकवून म्हणतं, "भाऊ, गव्हात टाकाच्या दोन गोया द्या."

या गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतला ओलावा लागला की गोळीतून विषारी वायू निघतो आणि सोंडे, अळ्या, अंडी, सगळं मरतं. गोदामासाठी औषध म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण गोदाम वस्तीपासून दूर पाहिजे. थप्पीवर जाड प्लास्टिक, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबलेल्या, काम करणारा शिकलेला, तोंडावर त्या वायूसाठीचाच मुखवटा, रुमाल नव्हे. दाराला कुलूप आणि धोक्याची पाटी, दिवस भरेपर्यंत आत कोणी फिरकायचं नाही, आणि नंतर दारं-खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची. हे जमत असेल तर वापरा ना, कोण नको म्हणतो?

आमच्याकडे काय होतं ते सांगतो. घरातली बाई जुन्या लुगड्याची चिंधी फाडते, त्यात गोळी बांधते, गाठ मारते आणि ती पुडी कोठीतल्या गव्हात कोपरापर्यंत हात घालून खुपसते. कोठी असते ती माणसं झोपतात त्याच खोलीत, कारण तीच खोली कोरडी. चिंधी कशासाठी, तर गोळीची राख पिठात येऊ नये म्हणून. म्हणजे गोळी विषारी आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. उरलेली गोळी ती लेकरांच्या हाती लागू नये म्हणून आढ्याला खोचून ठेवते. फक्त विष म्हणजे तोंडातून पोटात जातं तेच, ही तिची समजूत. नाकातूनही विष जातं, हे तिच्या ध्यानीमनी नसतं.

आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सगळं सांगतो. घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. लोक शांतपणे ऐकतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "बरोबर हाये भाऊ. मंग एकच द्या." अशा वेळी काउंटरवर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. पण पूर्वी मी एवढंही सांगत नव्हतो. पूर्वी मी नुसतं 'नाही' म्हणायचो, आणि त्यातच मला मोठेपणा वाटायचा.

माझी थोरली बहीण इथून जीपने अर्ध्या तासावरच्या गावात दिलेली आहे. त्या वर्षी तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. ऐन दुपारी ताई दुकानात आली. पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्या उभ्याच म्हणाली, "गव्हाले अन् तुरीले टाकाच्या गोया दे. सोंडे भिंतीवर चढून राह्यले."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "नाई भेटत."

"काहून? तो डबा दिसून राह्यला ना मागं."

"तो गोदामवाल्याचा हाये. घरासाठी द्याले बंदी हाये. उद्या तपासणीवाला आला तं माहं लायसन जाईन."

"बहिणीले बी कायदा लावतं का बापा?"

"सगळ्यायले सारखाच."

मग मी तिला उपाय सांगितले. धान्य कडक उन्हात वाळव, एरंडेल चोळ, कडुनिंबाचा पाला घाल, नाहीतर या हवाबंद पिशव्या घेऊन जा, त्यात सोंडे आपोआप गुदमरतात. ताई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "एवढ्या गव्हाले एरंडेल कोन चोळंन? पोरगी अवघडलेली, मी एकटी. तू येतं काय चोळाले?"

गिऱ्हाइकं हसली. मला ते झोंबलं. "एकडाव नाई म्हणलं ना! जाय घरी," मी चारचौघांत खेकसलो, आणि ती गेली. संध्याकाळी जेवताना मी बायकोला ऐटीत सांगितलं की सख्ख्या बहिणीलासुद्धा मी नियम मोडून दिलं नाही. बायको म्हणाली, "देल्या नाई ते ठीक. पण खेकसाचं काय काम होतं?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

पुढच्या आठवड्यात भाऊजी तूर घेऊन कारंज्याच्या बाजारात गेले आणि येताना तिथल्या कुठल्याशा दुकानातून कागदात गुंडाळलेल्या सुट्या गोळ्या घेऊन आले. दुकानदाराने एक शब्द विचारला नाही. हे मला फार नंतर कळलं.

भाची वाशीमला बाळंत झाली. मुलगी झाली. ताईचा राग तेवढ्यात विरघळला, तिने स्वतः फोन केला, "आजा झाला रे तू. पाहाले याचं काई मन हाये का नाई?" बाळ-बाळंतीण घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खारीक, डिंक घेऊन गावी गेलो.

बाळंतिणीला आतल्या खोलीत ठेवलं होतं. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत. खिडकी बंद, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, दारावर जाड गोधडी लटकवलेली. वर टिनाचं छत आणि बाहेर एप्रिल. आत शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. आत शिरल्या शिरल्या मला लसणाचा उग्र वास आला, थोडा सडक्या माशासारखाही. मनात म्हटलं, ताईने दूध यावं म्हणून पोरीला लसणावर लसूण चारलेला दिसतोय. वर्षानुवर्षं गोळ्यांच्या डब्याशेजारी बसणारा मी, खाटेजवळ पाट ओढून बसलो आणि बाळाला कोणाचं नाक आलंय यावर बोलायला लागलो.

भाची उठून बसली नाही. म्हणाली, "मामा, डोक्सं लय दुखून राह्यलं. रातभर डोया लागला नाई. छातीवर कोनी बसल्यावानी वाट्टे."

"कच्ची बाळंतीण हाये," ताई म्हणाली. "येताना जीपीत वारं लागलं. सकाऊन उलटी बी झाली. दृष्ट काहाडली मी."

"अन् बाळ?"

"झोपूनच हाये. पहाटपासून प्याली नाई."

मी बाळाकडे पाहिलं. लालबुंद, घामेजलेलं, श्वास भरभर चाललेला. मी म्हणालो, "ताई, लसूण जरा कमी दे. पोरीले उलटी त्यानंच झाली असन. घरभर वास सुटला."

भाची डोळे मिटूनच म्हणाली, "मी लसूण खाल्लाच नाई मामा. काल ताट वापस देलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खाटेच्या मागे भिंतीला लागून तुरीची पोती रचलेली होती, वर मेणकापड टाकलेलं, शेजारी गव्हाच्या दोन कोठ्या. मी विचारलं, "गोया टाकल्या काय?"

"परवा सांजीच टाकल्या," ताई सहज म्हणाली, वर थोडी फुशारकीही होती. "पोरगी घरी याच्या आंदीच काम उरकलं. सोंडे लेकराच्या कानात गेले तं? चिंधीचे दोन पदर करून बांधल्या, राख सांडाचं कामच नाई."

मी बाळ उचललं आणि दाराकडे निघालो. ताई आडवी आली. "लेकराले उन्हात कुठी नेऊन राह्यला? वारं लागंन तिले! कानटोपी बांधू दे!" आयुष्यात पहिल्यांदा मी थोरल्या बहिणीला खांद्याने ढकललं. बाळाला अंगणातल्या लिंबाखाली नेलं, भाऊजींना हाक मारली, भाचीला दोघांनी धरून बाहेर आणली. ती तिथेच पुन्हा ओकली. मी तोंडावर हात धरून आत जाऊन खिडकीच्या चिंध्या ओढून काढल्या, गोधडी फेकून दिली, आणि बाहेर येतो तर भाऊजी पाण्याने भरलेली बादली घेऊन खोलीकडे निघालेले.

"कुठी चालले?"

"गोया इझवतो ना. पानी टाकलं का थंड होतीन."

मी बादलीला लाथ मारली. पाणी पडलं की त्या गोळ्या भडाभडा वायू सोडतात, क्वचित पेटही घेतात. मलाच वेड लागलंय अशा नजरेने भाऊजी माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचं काय चुकलं? त्यांना कोणी कधी काही सांगितलंच नव्हतं. पण त्या क्षणी मला सगळ्यांचाच संताप आला होता, त्यांचा, ताईचा, कारंज्याच्या त्या दुकानदाराचा, आणि सव्वा महिना हवा कोंडणाऱ्या या रीतीचा. "खोलीत कोनी पाय ठेवाचा नाई!" एवढंच मी ओरडलो.

गावातली जीप मिळाली. वाशीमपर्यंत ताई दर दोन मिनिटांनी जीपची काच वर करत होती आणि मी पुढून हात लांबवून ती खाली करत होतो. "वारं," ती म्हणायची. "हवा लागते तिले, हवा!" मी ओरडायचो. मधे भाची लेकराला छातीशी लावून पाहत होती, आणि लेकरू तोंड लावत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी ऐकताच दोघींना ऑक्सिजन लावला. यावर उतारा नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हृदयावर परिणाम होऊ शकतो, दोन दिवस नजरेखाली ठेवू, बाकी शरीर काय करतं ते पाहायचं. मी हे गोळ्यांच्या डब्यावर छापलेलं शेकडो वेळा वाचलं होतं. माझ्या नातलगांबद्दल कोणी ते बोलेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर ताई आणि मी. भाऊजी औषधं आणायला गेले होते. मला गप्प राहता येईना. म्हणालो, "तुले नाई म्हणलं होतं ना मी?"

ती पदराने डोळे पुसत होती. थांबली. "हो, नाई म्हणलं. तुहं लायसन जाईन म्हणलं. मले वाटलं, सरकारी भानगड हाये, तुले त्रास नको, म्हणून तुह्या भाऊजीले कारंज्याहून आनाले सांगतलं." मग म्हणाली, "वासानं बी मानूस मरते हे मले काय ठाव बापा? ठाव असतं तं त्या खोलीत पोरीले निजवली असती काय मी?"

मी मनातल्या मनात ती दुपार पुन्हा तपासली. एरंडेल सांगितलं होतं, ऊन सांगितलं होतं, कडुनिंब, पिशव्या, कायदा, तपासणीवाला, सगळं सांगितलं होतं. गोळीतून वायू निघतो आणि बंद खोलीत तो माणसालाही मारतो, हे एवढंच राहून गेलं होतं. सांगायला श्वास दोन श्वास लागले असते. मी ते सांगितलं नाही, कारण मला वाटायचं हे सगळ्यांना ठाऊकच आहे आणि तरी लोक मुद्दाम मूर्खपणा करतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरू रडलं. मोठ्याने, चिडून रडलं, आणि मग प्यायलं. ताई भिंतीला टेकून खालीच बसली. तिसऱ्या दिवशी दोघींना घरी सोडायचं ठरलं. पोती-कोठ्या आम्ही तोवर हलवल्या नव्हत्या, दारं उघडी टाकून घर रिकामं ठेवलं होतं आणि भाऊजी शेजाऱ्यांकडे झोपत होते. बाळंतीण माझ्या घरी येणार होती, वरच्या मोकळ्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून. ताईने त्यालाही हो म्हटलं होतं.

निघताना डॉक्टर कागद भरत होते. "गोळ्या कुठून आणल्या?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे पाहून, "तुमचं तर खतांचं दुकान आहे म्हणे. तुम्हीच दिल्या का?"

मी तोंड उघडायच्या आत ताई पुढे झाली. "त्यानं नाई देल्या साहेब. त्यानं तं साफ नाई म्हणलं होतं."

"मग यांना सांगितलं नव्हतं का तुम्ही, झोपायच्या खोलीत ठेवल्या तर काय होतं ते?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

ताईने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तिला फैलावर घेतलं. सांगूनही ऐकत नाही तुम्ही बायका, स्वतःच्या लेकीच्या जिवाशी खेळता, नात गेली असती म्हणजे? ताई लेकराला खांद्याशी धरून, खाली मान घालून सगळं ऐकत राहिली. मी शेजारी उभा होतो आणि मी तिला ऐकू दिलं.