हा बुश कुठला?

रेल्वेच्या नोकरीपायी कोलकात्यात आलेले श्यामसुंदर बेडेकर निवृत्तीनंतरही गार्डन रीचमध्येच राहिले. त्यांच्या जुन्या मोटरसायकलला चेन नव्हती. इंजिनाची ताकद शाफ्टमधून मागच्या चाकाला मिळे. म्हणून दर हिवाळ्यात ते चाक उतरवत, शाफ्टशी जोडणारे दाते पुसून त्यांना नवं ग्रीस लावत. बावीस वर्षांत त्यांनी गाडीला परका हात लागू दिला नव्हता.

यंदा ग्रीस लावून झालं, चाक दात्यांवर बसलं आणि जाड अंगठीसारखा एक लोखंडी बुश हातात उरला. तो डावीकडचा की उजवीकडचा, काही केल्या आठवेना. दोन्हीकडे धरून पाहिला. दोन्हीकडे बरोबर वाटला. डोळे मिटून करायचं काम, आज असं अनोळखी कसं झालं?

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, निर्मलाताई, अंगणात आल्या. "काय झालं हो?"

"हा कुठला गं?"

"ब्रेकच्या बाजूचा. दरवर्षी मला पुसायला देता की!"

श्यामसुंदरांना तेही आठवेना. ही खरं सांगतेय की आपली समजूत घालतेय? त्यांनी बुश ब्रेकच्या बाजूला सरकवला. तो चपखल बसला, तरी त्यांचा गोंधळ काही मिटला नाही.

निर्मलाताईंनी स्टूल ओढलं आणि त्या शेजारी बसल्या.

"आता अ‍ॅक्सल घालायचा ना?" श्यामसुंदरांनी हळूच विचारलं.

"आधी ब्रेक धरा जागेवर," त्या म्हणाल्या, "मग अ‍ॅक्सल."