टपवाले चाचा

टपवाले चाचा गाडीजवळ आले की आधी चपला काढून ठेवत, आत बसत आणि डोळे मिटत. मग नुसतं हुंगत राहत. ओली गादी, ओलं लाकूड, ओलं कातडं, सगळ्यांचा वास त्यांना वेगवेगळा येई. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, हा माणूस मोटार दुरुस्त करायला आलाय की झोप काढायला? डॉक्टर म्हणजे माझे यजमान. आमच्या काळी नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि ती सवय माझी अजून गेलेली नाही.

ती मोटार डॉक्टरांनी पुण्याच्या एका साहेबाकडून, तो विलायतेला परत निघाला तेव्हा घेतली होती. तिच्या छपराचा मधला भाग मागे सरकत असे. साहेबाच्या मडमेला म्हणे ऊन अंगावर घ्यायची हौस. आता भोरच्या पावसात छप्पर उघडून बसणार कोण? पण ते बंद असलं तरी चार महिने पाणी माझ्या मांडीवर. मंगळागौरीला मी एका अंगानं भिजलेलं लुगडं नेसून गेले आहे, आणि बायकांनी काय काय टोमणे मारले ते इथं सांगत नाही. पुण्यातल्या कारखान्यात काहीबाही फासून दिलं, ते आठवडाभर टिकलं. मग कुणीतरी चाचांचं नाव सुचवलं. चाचा भोरच्या बाजारात टांग्यांचे टप, म्हणजे वरची कापडी छपरं, शिवत.

त्यांनी माझ्याकडे नाचणीचं पीठ मागितलं. "भाकरीला न्हाई वैनी, गाडीला." ते त्यांनी गाडीत आतून सगळीकडे भुरभुरवलं आणि आमच्या ड्रायव्हरला, धोंडूला, बाहेरून तांब्यातांब्यानं पाणी ओतायला सांगितलं. आधी खाली दारांवर, मग काचांवर, छपरावर अगदी शेवटी. पीठ जिथं काळं पडेल तिथं चाचांचं बोट. मूळ दुखणं छपरातच निघालं. सरकत्या भागाच्या कडेनं आत एक पन्हळ होती, आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या दारांच्या खाली उतरत होत्या. त्या पाचोळ्यानं गच्च भरल्या होत्या, चाचांनी काडी घालून मोकळ्या केल्या. "पानी आत यायचंच," चाचा म्हणाले, "त्याची जायाची वाट तेवडी मोकळी ठिवायची." तेव्हापासून माझी मांडी कोरडी राहिली. दरसाल पावसाच्या आधी ते न बोलावता येत, आणि दारांखालून सगळीकडनं पाण्याची धार पडलेली दिसेपर्यंत चहाला हात लावत नसत.

त्यांची बायको लवकर गेली. मुलगी जैतून आमच्या स्वयंपाकघरात खेळतच मोठी झाली. तिला नसरापूरला दिली तेव्हा चाचा बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. आले तेव्हा टप शिवायचं चांगलं कापड नसरापूरच्याच बाजारात मिळतं असं सांगू लागले. आम्ही ऐकून घेतलं.

लढाईच्या दिवसांत, पेट्रोल मोजून मिळत होतं तेव्हा, चाचांच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी सुई घालून काढायचं ठरवलं. चाचा म्हणाले, "डॉक्टर, भोक खाली पाडा. वर पाडून उपेग न्हाई." डॉक्टर हसले, मीही हसले, आणि मग आत जाऊन डोळे पुसले. पाणी काढलं तरी पुन्हा भरे. चाचा आता थोड्याच दिवसांचे सोबती आहेत, असं डॉक्टर मला म्हणाले.

त्याच सुमारास जैतून बाळंत झाली, मुलगी झाली. माहेरी करायला बाईमाणूस नव्हतं म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं, आणि ओल्या बाळंतिणीला भर पावसात आणणार कसं? चाचांनी एकच मागणं केलं, नात बघायची. डॉक्टर तयार होईनात. ही छाती भिजली तर हातची जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"गाडीत थेंब येनार न्हाई," चाचा म्हणाले. "माजी जबान हाय."

डॉक्टरांनी पेट्रोल राखून ठेवलं होतंच. आम्ही निघालो. डॉक्टर पुढे, मागे चाचा माझ्या खांद्याला टेकून. कापूरव्होळ यायच्या आत पावसानं झोडपायला सुरुवात केली. आणि चाचांच्या घोंगडीवर एक थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली. मी माझी शाल त्यांच्या छातीवर टाकली, तीही भिजली. चाचांनी वर पाहिलंच नाही. ते धोंडूच्या पाठीकडे पाहत होते.

"धोंडू, खाली काय केलंस रं?"

धोंडूनं गाडी थांबवली. तो घाटाकडच्या हिर्डोशीचा. तिकडं पावसाळ्याआधी घराचं भोक न् भोक लिंपून बंद करतात, नाहीतर वारा-पाऊस माणसाला जगू देत नाही. आजारी चाचांना गार वारा लागू नये म्हणून त्यानं आदल्या दिवशी दारांखालची सगळी भोकं काथ्या आणि डांबर ठासून बुजवली होती. छपराच्या नळ्यांची तोंडं तीच, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. कोणाला काही न सांगता मोठ्या मायेनं केलेलं काम ते.

चाचांनी माझी छत्री मागितली आणि तिची एक काडी मोडून त्याच्या हाती दिली. धोंडू चिखलात आडवा झाला. ते आतून सांगत होते, तो बाहेरून खुपसत होता. पाणी भसाभस खाली गेलं, आत यायचं थांबलं. तोवर चाचा छातीपर्यंत भिजले होते.

नसरापूरला पोचल्यावर त्यांनी आधी जावयाचा कोरडा सदरा मागून घेतला. तो घातल्यावरच नातीला मांडीवर घेतलं. तिच्या मानेखाली, कानामागे बोट फिरवून पाहिलं. "कोरडी हाय," एवढंच जैतूनला म्हणाले. ती रडत होती.

धोंडू मात्र उंबऱ्याच्या आत येईना. पावसात उभा. शेवटी चाचांनी त्याला हाक मारून जवळ बसवलं. "माज्यापायीच बुजवलंस न्हवं? मग रडतुयास कशाला? नळीत काडी घालत जा, बास."

चाचा परत भोरला आले नाहीत. तिथंच, जैतूनच्या घरी, त्याच आठवड्यात गेले. आज नाहीतर उद्या हे व्हायचंच होतं, असं डॉक्टर धोंडूला अनेकदा सांगत. धोंडू ऐकून घेई आणि अंगणात जाऊन गाडीखाली आडवा होई. पुढं ती गाडीही विकली गेली. मला चाचांची आठवण पावसात येत नाही. नाचणीच्या पिठात हात घातला की येते, आणि मग भाकरी नीट थापता येत नाही.

जैतूनच्या त्या मुलीचं लग्न झालं तेव्हा आम्ही नसरापूरला गेलो होतो. सासरी न्यायला भाड्याची मोटार दारात आली. उन्हाळ्याचे दिवस, आभाळात ढगाचा पत्ता नाही. धोंडूचे केस पांढरे झाले होते. नवं धोतर नेसलेला तो म्हातारा उठला, खिशातून छत्रीची काडी काढली आणि मोटारीच्या दाराखाली धुळीत आडवा झाला. मोटारवाला हॉर्न वाजवू लागला, वऱ्हाडातलं कोणीतरी हसलं. जैतून मोटारीपुढे जाऊन उभी राहिली, आणि धोंडू उठेपर्यंत तिनं गाडी हलू दिली नाही.