पडद्यावरचे मान्यवर

शौकत आतारचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे खोडदच्या पंचक्रोशीत शेंबडं पोरही सांगेल. प्रोजेक्टर, पडदा, लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं भाड्यानं देणं हा त्याचा धंदा. वीस वर्षं तो सभेच्या शेवटच्या रांगेमागं बसून बटण दाबतो आहे. खतवाले, पतसंस्था, शाळांची संमेलनं, सगळं त्यानं पाठीमागून पाहिलेलं. बोलायला उभा राहिलेला माणूस पडद्यावरचंच वाचून दाखवणार असेल तर त्यानं घरी बसावं, लोकांना वाचता येतं, असं त्याचं मत. एका खत कंपनीच्या साहेबाला त्यानं हे भर सभेत सुनावलं आणि त्या गिऱ्हाइकावर कायमचं पाणी सोडलं.

हे शहाणपण त्याला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या विज्ञान प्रदर्शनात मिळालं. तिथं एक म्हातारे शास्त्रज्ञ बोलायला उभे राहिले. पडद्यावर एकच चित्र, खाली तीन शब्द. त्या चित्रावर ते दहा मिनिटं बोलले, मग पडदा काळा केला आणि पोरांच्या डोळ्यांत बघून पुढचं सांगितलं. मागं शेंगा फोडत बसलेल्या बायांचे हातसुद्धा थांबले.

पण आमच्याकडं फ्लेक्स आधी आला आणि स्लाइड नंतर, सगळं वाटोळं तिथंच झालं. वाढदिवस असो की दशक्रिया, वर नेते, मध्ये गावकारभारी, खाली शुभेच्छुक. स्लाइड म्हणजे विजेवर चालणारा फ्लेक्स, अशी समजूत घट्ट बसली. शौकत त्या समजुतीशी वीस वर्षं भांडतो आहे आणि वीस वर्षं हरतो आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर शौकतच्या गावाची, आंबेमळ्याची, सकाळची बस बंद झाली. मळ्यातल्या सतरा मुली त्याच बसनं नारायणगावला कॉलेजला जात. दोन महिन्यांत नऊ उरल्या. बाकीच्यांना घरी बसवलं, दोघींना तर स्थळंही येऊ लागली. शौकतची मुलगी जास्मिन त्या नऊजणींतली, बारावीची. बसचे साहेब तालुक्याला सगळ्या गावांचं म्हणणं ऐकणार होते, प्रत्येक गावाला सात मिनिटं. आंबेमळ्यातर्फे जास्मिननं बोलायचं, असं ग्रामसभेत ठरलं.

बापलेकीनं चार स्लाइडी केल्या. पहिलीवर थांब्यावर उभ्या सतरा जणींचा जूनमधला फोटो. दुसरीवर तोच थांबा, नऊ जणी. तिसरीवर नकाशा आणि त्यावर एक लाल रेघ, कॉलेजपर्यंत पायी सात किलोमीटर. चौथी नुसती काळी. ती आली की जास्मिननं पडदा विसरून साहेबांकडं बघत मागणी सांगायची. घरात तिनं हे इतक्यांदा म्हणून दाखवलं की तिची आई गुलशनलाही पाठ झालं.

सरपंच सोपानरावांनी त्या चार स्लाइडी बघितल्या आणि तोंड वाकडं केलं. साहेबांचं स्वागत कुठाय, मान्यवर कुठायत, काळी स्लाइड दाखवून गावाची अब्रू घालवायची का, असं त्यांनी विचारलं. शौकत तासभर भांडला. शेवटी सोपानराव म्हणाले की मान्यवर नसतील तर अर्जावर माझी सही नाही. सहीशिवाय आंबेमळ्याला सभेत उभंच करणार नव्हते. शौकतनं दातओठ खात सुरुवातीला मान्यवरांच्या अकरा स्लाइडी जोडल्या. जोडताना त्यानं लॅपटॉपला इतक्या शिव्या घातल्या की गुलशननं टीव्हीचा आवाज वाढवला.

सभागृहात आंबेमळ्याचं नाव पुकारलं. फक्त स्वागत करतो, असं म्हणत सोपानरावांनी माइक घेतला आणि सभेकडं पाठ करून पडदा वाचायला लागले. एकेक नाव, पदासकट. पाचव्या स्लाइडला पहिल्या रांगेतले एक माजी सदस्य उठले. त्यांचा फोटो खालच्या ओळीत का, हा त्यांचा सवाल. सोपानरावांनी माफी मागितली, दोन स्लाइडी मागं घ्यायला लावल्या, परत पुढं. बसचे साहेब मोबाइल बघू लागले. पाच मिनिटं संपली. जास्मिन स्टेजच्या पायरीशी हातात कागद न घेता उभी होती, ओठ हलवत.

शौकतच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं बटण दाबून पडदा काळा केला.

लाइट गेली का, असं सोपानरावांनी विचारलं.

"लाइट कुठं नाय गेली," शौकत उभा राहून म्हणाला. "मी बंद केला. लई झालं."

साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. आणि शौकत बोलू लागला. वीस वर्षं मागच्या रांगेत साठलेलं सगळं बाहेर आलं. माणसाकडं पाठ करून फोटोला नमस्कार घालणारे तुमी, थोबाडं दाखवण्यात पोरींची वेळ खाणारे तुमी, हे त्यानं तोंडावर सांगितलं. माजी सदस्यालाही सोडलं नाही. शब्द न् शब्द खरा होता. मागून दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्या टाळ्यांतच घंटा वाजली. साहेब म्हणाले, वेळ संपली, तुमचं काय असेल ते लेखी द्या. पुढच्या गावाचं नाव पुकारलं गेलं.

परतताना व्हॅनमध्ये शौकतची टकळी चालूच होती. सोपानरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, आठवीला हात घातला होता. मागं प्रोजेक्टरच्या पेटीला धरून जास्मिन बसली होती. दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागल्यावर ती बोलली. आवाजात राग नव्हता.

"अब्बा, पडदा काळा झाला तवा साहेबांनी पयल्यांदा वर बघितलं. दोन मिन्टं उरली व्हती. ती माझी व्हती."

शौकतच्या तोंडात सोपानरावांसाठी अर्धी शिवी होती. ती तशीच राहिली.