सहा वर्षं बाकावर

गॉर्डीच्या बारमध्ये बाटल्यांच्या वरच्या फळीवर दुधाचा एक जुना कॅन ठेवलेला आहे. त्यावर पांढऱ्या रंगानं नावं लिहिली आहेत, दर हंगामाला एक. बारा वर्षांत बारा नावं झाली, त्यातली चार एकट्या गॉर्डीची. बार त्याचा, ब्रश त्याचा, आणि सांगायला जिवावर येतं, पण या खेळातलं डोकंही त्याचंच. व्हर्लिन डोंबेकचं नाव त्या कॅनवर नाही. उभा जन्म गोठ्या-गोठ्यांवरून दूध गोळा करून चीजच्या कारखान्यात पोचवण्यात गेला, पण दुधाच्या कॅनवर नाव लागायची वेळ आली की याचा नंबर मागेच. तसा तो हसरा माणूस, कुणाकडे काही न मागणारा. पण दर शुक्रवारी तिथं तळलेला मासा खाताना त्याची नजर त्या फळीकडे जायचीच. तिथं आपलं नाव असावं, एवढं एक त्याला मनापासून हवं होतं.

खेळ म्हणजे काय, तर दहा घरांचे दहा कागदी संघ. ऑगस्टमध्ये सगळे बारमध्ये जमतात आणि अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचे, खरेखुरे खेळाडू आपसांत वाटून घेतात, प्रत्येकी पंधरा. दर रविवारी त्यातले नऊ खेळवायचे आणि सहा बाकावर बसवायचे. खेळवलेले गडी मैदानावर जे काही करतील त्याचे गुण तुमचे. बाकावरच्यानं आकाशपाताळ एक केलं तरी तुमच्या पदरात शून्य. फोनवरच्या यादीत बाकावरच्याला वर घेतलं, की त्याच जागेवर खेळणारा गडी आपोआप खाली त्याच्या ओळीत जातो. दुपारी बाराला सामने सुरू झाले की यादीला हात लावता येत नाही. एवढाच खेळ, पण यावरून आमच्या गावात सख्खे भाऊ आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत.

व्हर्लिनचं घोडं पेंड खायचं ते बाकापाशी. कुणाला बसवायचं म्हटलं की त्याला वाईट वाटायचं. हा गेले दोन रविवार बसलाय, त्याला नुकतं मूल झालंय, याचं गाव आपल्यासारखंच छोटं आहे, अशी काहीतरी कारणं काढून तो पाळीपाळीनं सगळ्यांना खेळवायचा. त्यामुळे त्याचा संघ शेवटून पहिला. शेवटच्या नंबराला जुलैच्या मिरवणुकीत गाईचा पोशाख घालून चालावं लागतं. व्हर्लिननं तो सात वेळा घातला. सातव्यांदा गॉर्डीनंच सुचवलं की पोशाख आता याच्याच घरी राहू दे, ने-आण तरी वाचेल.

याचं मूळ कुठं आहे ते गावाला ठाऊक आहे. शाळेच्या संघात व्हर्लिन चार वर्षं नुसता बसून होता. शेवटच्या वर्षीचा शेवटचा सामना, दोनच मिनिटं राहिलेली, आणि कोचला कधी नव्हे ती त्याची दया आली. "डोंबेक, जा," असं ऐकल्याबरोबर व्हर्लिन इतक्या आनंदानं धावत सुटला, की कुणाच्या जागी जायचं हे विचारायचंच राहिलं. मैदानात अकराजण आधीच उभे होते. शिट्टी वाजली, संघाला पाच यार्डांचा दंड झाला आणि याला परत बाहेर काढलं. त्याची सगळी कारकीर्द म्हणजे आत जातानाची वीस पावलं आणि बाहेर येतानाची वीस. तेव्हापासून अख्खं गाव त्याला 'बारावा' म्हणतं. तोही हसतो. पण बाकावर बसलेला माणूस दिसला की त्याला स्वतःची ती चार वर्षं आठवतात, त्याला तो तरी काय करणार?

यंदा मात्र सप्टेंबरात त्याच्या डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी काही आठवडे बारीक अक्षर वाचायला बंदी केली, आणि संघाची यादी बायकोच्या, अर्लीसच्या फोनवर गेली. अर्लीसनं तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलेलं. दोनशे पोरांना मोजून वाढणारी बाई ती, कुणाच्या रडक्या तोंडाकडे बघून तिनं कधी जास्तीचा चमचा घातला नाही. तिनं यादी हातात घेतली आणि पटापट निकाल लावले. हा लंगडतोय, बसव. याच्यापुढचा बचाव दगडी भिंत आहे, बसव. याला मूल झालंय तर झोप झाली नसेल, बसव. डोंबेकांचा संघ जिंकायला लागला. पुढे व्हर्लिनला वाचायची परवानगी मिळाली, तरी यादी काही परत मिळाली नाही, फक्त त्याच्याही फोनवर ती उघडता यायची. त्यानंही तक्रार केली नाही. कॅन पहिल्यांदाच हाताच्या अंतरावर दिसत होता.

एक सवलत मात्र त्यानं मागून घेतली होती. एफ्राम पर्डम नावाचा, चेंडू घेऊन धावणारा एक तेहतीस वर्षांचा गडी, सहा वर्षांत तीन संघांच्या बाकांवर बसलेला. सामना संपला तरी त्याच्या कपड्यांना चिखलाचा डाग नसायचा. व्हर्लिनला तो यादीत हवा होता, खेळवायला नाही, नुसता असू दे म्हणून. अर्लीस म्हणाली, "एक भटकं मांजर चालेल घरात. दुसरं आणलंस तर दोघांना बाहेर काढीन." म्हणून पर्डम यादीत सगळ्यात खालच्या ओळीत, बाकाच्याही टोकाला, चार महिने बसून राहिला.

अंतिम सामना पडला गॉर्डीच्याच संघाशी. त्याच आठवड्यात, गुरुवारी, दूध भरून परतताना व्हर्लिननं टँकरच्या रेडिओवर बातमी ऐकली. पर्डमच्या संघात त्याच्या पुढच्या नंबरावरचे दोन्ही धावणारे गडी जायबंदी झाले होते आणि रविवारी सुरुवातीपासून पर्डम खेळणार होता, आयुष्यात पहिल्यांदा. व्हर्लिननं टँकर रस्त्याच्या कडेला घेतला आणि पुन्हा बातम्या लागेपर्यंत थांबून ती दुसऱ्यांदा ऐकली.

संध्याकाळी जेवताना त्यानं सहज आठवल्यासारखं करून विषय काढला.

"नाही," अर्लीस म्हणाली.

"मी अजून काही म्हणालोच नाही."

"तुझ्या बटाट्यानं सांगितलं. पाऊण तास झाला तो काट्याला टोचलेला. धावणाऱ्याच्या जागेवर आपला ब्रिग्ज खेळणार. दर रविवारी वीस गुण देतो तो."

"ब्रिग्जची मांडी दुखतेय म्हणतात."

"तुझी कंबर दुखते. तू जातोस ना कामाला?"

"तो सहा वर्षं बसलाय, अर्लीस."

"आणि आपण बारा," ती म्हणाली. "तुला कॅनवर नाव हवंय की नकोय?"

हवं होतं. तीच तर पंचाईत होती. शुक्रवार आणि शनिवार त्यानं जेमतेम चार घास खाल्ले. अर्लीसनं शनिवारी पाव करपवला, तर तोही त्यानं लोणी लावून मुकाट्यानं संपवला.

गाईंना रविवारची सुट्टी नसते. अर्लीस पहाटेच उठून आवरत होती, तिला चर्चमध्ये गायचं होतं. व्हर्लिन टँकर घेऊन निघाला. शेवटचा गोठा झाला तेव्हा साडेअकरा वाजले होते. बर्फावर ऊन पडलेलं, डोळे दिपत होते, आणि जवळचा चष्मा घरी राहिलेला. फोनच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. पण पर्डमची ओळ शोधायला त्याला चष्म्याची गरज नव्हती. सगळ्यात खालची. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं, वर घ्यायचं बटण दाबलं, आणि कुणी बघत असल्यासारखा फोन घाईघाईनं खिशात कोंबला. एवढ्या संसारात त्यानं अर्लीसला न विचारता एकदाच काही केलं होतं, एक होडी घेतली होती, आणि ती बुडाली होती.

बाराला बार गच्च भरला. आमच्या भागातल्या खऱ्या संघाचा सामना गुरुवारीच होऊन जिंकूनही झाला होता, त्यामुळे सगळे खुशीत होते. दोन टीव्ही शेजारी-शेजारी लावलेले, एकावर ब्रिग्जचा सामना, दुसऱ्यावर पर्डमचा. अर्लीस चर्चमधून तशीच चांगल्या कोटात आली आणि फोन पर्समध्ये ठेवून स्टुलावर बसली. सामने चालू असताना ती फोन उघडत नाही. केक भाजत असताना भट्टीचं दार उघडायचं नसतं, असं तिचं म्हणणं.

पहिल्या दहा मिनिटांतच ब्रिग्ज मांडी धरून बाहेर गेला. व्हर्लिनला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या बिचाऱ्याची कीवही आली. त्यानं चोरून अर्लीसकडे पाहिलं. ती अजिबात चिडलेली दिसत नव्हती. गॉर्डी मात्र काउंटरवर थाप मारून खदाखदा हसत होता. हसू दे, व्हर्लिननं मनात म्हटलं, याला अजून पत्ता नाही.

मग पर्डमच्या हातात चेंडू आला. तो दोन यार्ड धावला आणि चार आडदांड गड्यांच्या खाली गाडला गेला. उठला तेव्हा गुडघ्यापासून खांद्यापर्यंत चिखलानं माखला होता. व्हर्लिनला इतका आनंद झाला, की त्यानं शेजारच्याचा हात हातात घेऊन हलवला. पुढच्या वेळी सात यार्ड, मग बारा. आपण तेहतीस वर्षांचे आहोत हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या सत्रात तो कडेनं सुटला, एकाला चकवलं, दुसऱ्याला खांद्यानं उडवलं, आणि समोर मोकळं मैदान. अर्लीस कोटासकट स्टुलावर चढली.

"पळ रे बाबा, पळ!" ती ओरडत होती.

पर्डम पार टोकापर्यंत पळाला. बार डोक्यावर घेतला लोकांनी. व्हर्लिनच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचं त्याला भान नव्हतं. बाकावरच्या माणसासाठीसुद्धा ही एवढी ओरडतेय, किती चांगली बायको आहे आपली, असं त्याच्या मनात आलं, आणि तिला फसवल्याची लाजही वाटली.

सामने संपले. गॉर्डीनं फळीवरून कॅन खाली घेतला आणि रंगाची डबी उघडली. "नऊ गुणांनी," तो म्हणाला.

"आम्ही?" व्हर्लिननं विचारलं.

"मी, बाराव्या. मी."

अर्लीसनं पर्स उघडून चष्मा लावला, फोन काढला, यादी वाचली. वरून खाली वाचली, मग पुन्हा खालून वर.

"व्हर्लिन, तू याला हात लावलास?"

त्याला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. "लावला. साडेअकराला. पर्डमला वर घेतलं. चुकलं माझं, अर्लीस, पण मला राहवलंच नाही."

"कुठल्या ओळीतून घेतलंस?"

"सगळ्यात खालच्या."

अर्लीस सावकाश खाली बसली. "खालच्या ओळीत ब्रिग्ज होता," ती म्हणाली. "पर्डमला मी वर घेतलं होतं. सकाळीच, चर्चला जायच्या आधी."

गॉर्डीचा ब्रश हवेतच राहिला. व्हर्लिनला आधी काही समजेना. मग समजलं, आणि त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "तू? आणि कॅन?"

"काल करपलेला पाव खाल्लास तू, आणि तुला कळलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे तो कॅन. माझा माणूस नीट जेवू दे."

जिनं तीस वर्षांत कुणाला एक चमचा जास्त वाढला नाही, तिनं सगळा हिशेब सोडून त्याच्यासाठी त्या भटक्या मांजराला मैदानात उतरवलं होतं. तो हरला होता, अगदी जिंकत आलेलं घालवून हरला होता, आणि इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं भर बारमध्ये, सगळ्या गावासमोर, बायकोला जवळ ओढलं.

गॉर्डी बोटांवर काहीतरी मोजत होता. "थांबा," तो म्हणाला. "तू हात लावला नसतास तरी तुम्ही पंधरा गुणांनी जिंकत होतात. हिनं लावला नसता तरी पंधरानंच. पर्डमला दोघांनी खेळवलंत म्हणून तो बाकावर बसला."

अर्लीसचा चेहरा व्हर्लिनच्या शर्टात होता, त्यामुळे ती हसतेय की रडतेय हे आम्हाला क्षणभर कळेना. मग तिचे खांदे गदगदायला लागले आणि ती इतकी हसली, की तिला धरून उभं करावं लागलं.