राहात्याची लाइन

"आत कोण कोण आहे?"

कीबोर्डला हात लावण्याआधी मॅडम बांगड्या कोपराकडे सारायच्या आणि समोरच्या काळ्या पडद्याला हा प्रश्न विचारायच्या. चांगला मोठ्यानं. ऑफिसात नव्यानं आलेला माणूस दचकून "मी आहे, मॅडम" म्हणायचा.

नगरच्या एका खासगी रुग्णालयात मॅडम आणि मी, आम्ही दोघं संगणकांचं जाळं सांभाळायचो. राहाता, शेवगाव अशा गावांत रुग्णालयाची छोटी केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्रातल्या संगणकांवरच्या माहितीची सगळी ये-जा तिथल्या राउटरमधून व्हायची. काही बिघडलं की आम्ही नगरमध्ये बसूनच त्या राउटरमध्ये शिरायचो. शिरल्यावर मॅडमचं पहिलं काम ठरलेलं होतं: आपल्याखेरीज आणखी कोणी आत आहे का, ते बघायचं.

त्या मूळच्या शनिशिंगणापूरच्या. "तुमच्या गावात घरांना दारं नाहीत, आणि तुम्ही दिवसभर कुलपं लावता," असं कोणी चिडवलं की म्हणायच्या, "अरे, दार नसलं की घरात माणूस बसवावा लागतो. ते तुम्हाला दिसत नाही."

राहात्याच्या राउटरमध्ये शिरायची पद्धत जुनी होती, टेलनेटची. पासवर्डसुद्धा उघडाच जायचा, वाटेत कोणीही वाचावा असा. ती बंद करून एसएसएच सुरू करू, म्हणजे सगळं कुलूपबंद होईल, असं मॅडम आमच्या विभागाच्या साहेबांना सारख्या सांगायच्या. साहेबांचं उत्तर एकच: "चाललंय ना? मग हात लावू नका."

एका दुपारी राहात्याची लाइन रेंगाळायला लागली. मॅडमनी बांगड्या सारल्या, प्रश्न विचारला. आत शिरल्या आणि यादी बघून माझ्याकडे वळल्या.

"हा तू आहेस का रे?"

यादीत त्यांच्या नावाच्या खालच्या ओळीत आणखी एक नोंद होती. मी नव्हतो. पत्ता कुठल्यातरी परक्या देशातला. आपल्या घरात अनोळखी चपला दिसल्या तर तुमचं जे होईल, तेच माझं झालं. बघता बघता त्याच पत्त्यावरून दुसरी नोंद उमटली. आत शिरायला जागा मोजक्याच असतात. त्या परक्यानं सगळ्या धरल्या आणि आमची एक तुटली, तर तो आत आणि आम्ही बाहेर.

साहेब धावत आले. "राहात्याला फोन लावा. वायरच काढायला सांगा!"

फोन तिथल्या शिपाईमामांनी घेतला. "वायर धरून उभा हाय मी. वढू का? पन मॅडम, एक पेशंट आलाय, अर्ध्या अंगावरनं वारं गेलंय. त्याच्या डोक्याचं फोटू तुमच्याकडच्या डॉक्टरला चाललंत. निम्मंच गेल्यात म्हनं. त्याची बायको हितंच उभी हाय."

रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते वरच्या मजल्यावरचे डॉक्टर फोटो बघून सांगणार होते.

"ओढू नका, मामा."

"मी सांगतोय, काढा!" साहेब ओरडले.

"फोटो येऊ द्यात, साहेब. नंतर मला काय बोलायचं ते बोला."

आपल्या ऑफिसच्या पत्त्यावरूनच आत येता यावं, असा नियम त्यांना घालायचा होता. संगणकाचा पत्ता आकड्यांचा; त्यातला एक आकडा चुकला असता तर आमच्याच तोंडावर दार बंद झालं असतं. "पत्ता वाच," त्या म्हणाल्या. मी वाचला. "पुन्हा वाच. सावकाश." मी एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचला. त्यांनी टाइप केलं, बोट एंटरवर ठेवलं, क्षणभर थांबल्या आणि दाबलं.

मग त्यांनी त्या परक्याच्या जागा एकेक करून तोडल्या. तो परत आला नाही. पासवर्ड बदलले. उरलं एसएसएचची किल्ली तयार करणं. जुना राउटर त्या कामाला बसला आणि पडदा थिजला. अक्षर हलेना.

"राउटर गेला का?" साहेबांनी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"काम करतोय तो."

"मॅडम, वढू का?" फोनमधून मामा.

"नको, मामा. वायर सोडा हातातली. आणि त्या बाईंना बसायला खुर्ची द्या."

किती वेळ गेला कोणास ठाऊक. पडद्यावर किल्ली तयार झाल्याची ओळ उमटली. थोड्या वेळानं वरून डॉक्टरांचा निरोप आला: सगळे फोटो मिळाले, इंजेक्शन द्यायला सांगितलंय. मॅडमनी बांगड्या खाली ओढल्या तेव्हा त्या किणकिणतच राहिल्या.

राहात्याच्या त्या पेशंटचं बोलणं परत आलं. उजव्या हातात जोर मात्र कमीच राहिला. मॅडम मामांना अधूनमधून त्याची खबर विचारायच्या.

"तुम्ही माझं ऐकलं नाहीत," साहेब नंतर म्हणाले होते.

"नाही ऐकलं," मॅडम म्हणाल्या. वाद घातला नाही.

पुढं आमचं बरंचसं काम पुण्याच्या एका कंपनीकडे गेलं. दोघांपैकी एकालाच ठेवणार होते. साहेबांनी मला ठेवलं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी सगळं माझ्या हवाली केलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "आता माझं नाव काढ. सगळ्या राउटरमधून. माझ्यासमोर."

"उद्या काढतो ना, मॅडम."

"उद्या मी इथली नाही. परक्या माणसाचं नाव आत कशाला?"

मी एकेका केंद्रातून काढत गेलो. राहाता मी शेवटी ठेवलं होतं. आज्ञा टाइप केली. हे नाव आणि त्याचं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का, असं राउटरनं विचारलं. माझं बोट उचलेना.

मॅडम पुढं वाकल्या आणि एंटर त्यांनीच दाबलं.